बिग बेंडचा मुक्काम : परवाना नेमका कुठला घ्यायचा?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या कार्नार्व्हन गॉर्ज या घळईत रात्रीच्या मुक्कामासाठी निघालेले लोक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतात. पैसे भरलेले असतात, पाठीवर बोजा असतो, आणि हातात परवाना भलत्याच जागेचा असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कार्नार्व्हन नॅशनल पार्कचे मुक्काम करता येतो असे चार विभाग आहेत : कार्नार्व्हन गॉर्ज, माउंट मॉफॅट, साल्व्हाटोर रोझा आणि का का मुंडी. नकाशावर ते शेजारीशेजारी दिसतात, पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. माउंट मॉफॅटचं बुकिंग घेऊन गॉर्जच्या दारात पोचलात, तर तिथून गाडीने पलीकडे जायला वाट नाही. बुकिंग करताना विभागाचं नाव दोनदा वाचा.

गॉर्ज विभागातही तंबूच्या जागा दोन. एक प्रवेशाजवळची, गाडी नेता येते अशी, नाव ‘कार्नार्व्हन गॉर्ज’. ती फक्त ईस्टर, जून-जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या शाळेच्या सुट्ट्यांत उघडते. सुट्ट्या क्वीन्सलँडच्या, तुमच्या राज्याच्या नव्हेत. न्यू साउथ वेल्स किंवा व्हिक्टोरियाचं कॅलेंडर बघून रजा टाकणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते. दुसरी जागा ‘बिग बेंड’. ती वर्षभर उघडी असते, पण तिथे पायीच जावं लागतं, व्हिजिटर एरियापासून ९.७ किलोमीटर. घळईच्या आत रात्र काढायची असेल तर तुम्हाला हीच जागा हवी. हा फरक बुकिंगच्या पानावर पहिल्याच ओळीत ठळक लिहिला असता तर कितीतरी जणांचा त्रास वाचला असता.

तिसरा घोळ ‘ग्रेट वॉक’चा. ही ८७ किलोमीटरची वेगळी वाट आहे आणि बिग बेंड हा तिच्यावरचाही एक मुक्काम आहे. ग्रेट वॉक नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असतो. ते वाचून काही जण बिग बेंडही बंद समजून बेत रद्द करतात. काही जण उलट, जानेवारीचं बिग बेंड मिळालं म्हणून पुढच्या मुक्कामांची स्वप्नं रंगवतात. दोन्ही चूक. मात्र उन्हाळ्यात बिग बेंड उघडं असलं तरी त्या उकाड्यात दहा किलोमीटर बोजा वाहणं सोपं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिथल्या थंडीचे महिने, म्हणजे जून ते ऑगस्ट, धरावेत. तेव्हा रात्री दव गोठतं, तेवढं झोपेचं सामान न्यावं.

पात्रतेची काही अट नाही. नागरिक असा की पर्यटक व्हिसावर आलेले, परवाना कुणालाही मिळतो. पार्कात शिरायला तिकीट नाही, पैसे फक्त मुक्कामाचे, माणशी आणि रात्रीमागे. पाच वर्षांखालच्या मुलांचे पैसे पडत नाहीत.

कुटुंबाचा वेगळा दर आहे आणि आपल्या घरांत घोटाळा होतो तो इथे. बुकिंगच्या भाषेत कुटुंब म्हणजे एक किंवा दोन मोठी माणसं आणि त्यांच्यासोबतची अठरा वर्षांखालची मुलं, सगळी मिळून जास्तीत जास्त आठ. भारतातून आलेले आई-बाबा, सासू-सासरे, सोबत राहणारा धाकटा दीर यात बसत नाहीत. त्यांची नावं स्वतंत्र माणसं म्हणून घाला. ‘सगळे एकाच घरातले आहोत’ हे तिथे रेंजरला सांगून उपयोग नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना त्या प्रसंगात उभं करू नये.

बुकिंग क्वीन्सलँड सरकारच्या संकेतस्थळावर किंवा १३ ७४ ६८ वर फोन करून होतं. तारखा, माणसं, पैसे, झालं. ते घरूनच करा. घळईत मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका, कारण ‘तिथे पोचून करू’ म्हणणाऱ्यांपाशी नेमकं तेव्हाच काही चालत नाही. बुकिंग नंबर कॅम्प टॅगवर, म्हणजे तंबूला लावायच्या चिठ्ठीवर, लिहून तो तंबूवर बाहेरून दिसेल असा लावावा लागतो. नंबर फोनमध्ये आणि फोनची बॅटरी संपलेली, हे मी पाहिलंय. कागदावर लिहून घ्या.

आता असा कागद, जो कुणी मागत नाही आणि म्हणून कुणाकडेच नसतो : प्रवासाचा आराखडा. परवाना काढला म्हणजे तुम्ही परत आलात की नाही यावर रेंजर लक्ष ठेवतील, असा समज सर्रास आहे. तसं होत नाही. कोण कोण जातंय, गाडीचा नंबर, मुक्काम कुठे, परतायची वेळ, आणि त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कधी कळवायचं, हे सगळं लिहून घरी थांबणाऱ्या एका माणसाकडे द्या. आणि परतल्यावर त्याला पहिला फोन करा. हा फोन विसरल्यामुळे शोध सुरू होऊ शकतो.

मित्राकडून आणीबाणीचा बीकन, म्हणजे संकटात मदतीचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र, उसना घेत असाल, तर आणखी एक गोष्ट. तो ज्याच्या नावावर नोंदलेला असतो त्याच्या संपर्कांना फोन जातो, आणि त्यांना तुमचा पत्ताच नसतो. नोंदणी फुकट आहे. ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे तुमच्या सहलीचे तपशील मालकाच्या नोंदीत आधी घालून घ्या. नोंदणी दर दोन वर्षांनी ताजी करायची असते, तेही मित्राला विचारा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पार्कच्या सूचना पुन्हा बघा. वणवा, पूर किंवा पार्कने ठरवून लावलेली आग यामुळे वाट बंद झाली असेल, तर हातातला परवाना चालत नाही. बिग बेंडची वाट कार्नार्व्हन क्रीक हा ओढा पुनःपुन्हा ओलांडत जाते. पावसानंतर ओढ्यातले पाय ठेवायचे दगड पाण्याखाली गेले असतील तर पलीकडे जाऊ नका, परतीच्या वेळी तर अजिबातच नाही. एक दिवस जास्तीचा शिधा आणि रजा ठेवली की हा निर्णय घेणं सोपं जातं.

बाकी नेहमीचं : उघडी आग नाही, गॅसचा स्टोव्ह न्या. क्रीकचं पाणी उकळून प्या. कचरा परत आणा. कुत्रा घरी ठेवा. पेट्रोल इंजून किंवा रोलस्टन या गावी भरा. वाटेत आर्ट गॅलरी लागते, ६२ मीटर लांब वालुकाश्माच्या भिंतीवर दोन हजारांहून जास्त कोरीवकामं, हातांचे ठसे आणि चित्रं आहेत. बिदजारा आणि करिंगबल या मूळनिवासी लोकांसाठी ही जागा पवित्र आहे. लाकडी पायवाटेवरूनच बघा, खडकाला हात लावू नका. तंबूही त्या बाजूला लावता येत नाही. परवाना बिग बेंडचा आहे, पूर्ण घळईचा नाही.