नवजात बाळाचे छायाचित्र : लेन्स आणि तंत्रांमागचा इतिहास

सोलापुरातील बहुतेक घरांच्या जुन्या अल्बमांत बाळाचे पहिले छायाचित्र बारशाचे असते, आणि अनेकदा त्याहूनही उशिराचे, म्हणजे बाळ आधाराने बसू लागल्यानंतरचे. जन्मानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात छायाचित्रकाराला घरी बोलावण्याची पद्धत इथे अलीकडची आहे. कोणती लेन्स घ्यावी, प्रकाश कोणता वापरावा आणि बाळाला कसे ठेवावे हे प्रश्न त्यामुळे नवे वाटतात. प्रत्यक्षात ते छायाचित्रणाच्या आरंभापासून चालत आले आहेत, कारण त्यांच्या मुळाशी असलेली अडचण बदललेली नाही. नवजात बाळ सांगितल्यावर स्थिर राहत नाही. आधी बाळाला कॅमेऱ्यासाठी धरून ठेवावे लागले, पुढे कॅमेराच बाळाच्या हालचालींशी जुळवून घेऊ लागला, आणि आजची साधने निवडताना हा क्रम लक्षात ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते.

१८३९ मध्ये पॅरिसला लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली तेव्हा भर उन्हातही प्लेटवर चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत, कारण त्या वेळच्या लेन्स एफ/१६ च्या आसपासच्या होत्या (एफ/ नंतरचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश आत कमी येतो). १८४० मध्ये व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी खास व्यक्तिचित्रांसाठी एका लेन्सची रचना गणित मांडून सिद्ध केली आणि लेन्सनिर्माते फोग्टलेंडर यांनी ती तयार केली. तिचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/३.६ होते, म्हणजे आधीच्या लेन्सपेक्षा जवळजवळ वीसपट प्रकाश आत येत होता, आणि मिनिटांचे काम सेकंदांत होऊ लागले. तिच्या चित्रात मध्यभाग रेखीव आणि कडा मऊ येत. चेहरा स्पष्ट आणि मागचे सारे विरघळलेले असावे, या आजच्या आवडीचे मूळ तिथेच आहे असे माझे मत आहे.

मोठ्या माणसाच्या मानेमागे लोखंडी आधार लावून त्याला काही सेकंद निश्चल बसवता येई. बाळाच्या बाबतीत हे शक्य नव्हते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील स्टुडिओंत आईलाच खुर्चीवर बसवून तिच्यावर चादर किंवा पडदा टाकत, आणि ती त्याखालून बाळाला धरून ठेवी. चित्रात खुर्चीवर टाकलेले कापड आणि त्यावर बाळ एवढेच दिसावे अशी अपेक्षा असे. अशी चित्रे आज मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत आणि अनेकांत कापडाखालचा हात उघड दिसतो. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची पद्धत मांडली आणि पुढच्या दहाएक वर्षांत प्लेटची संवेदनशीलता इतकी वाढली की सेकंदाच्या अंशात चित्र घेता येऊ लागले. आईला झाकण्याचे कारण तिथे संपले.

आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. तरीही बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा पोहोचायला फार काळ जावा लागला, आणि त्याची कारणे केवळ तांत्रिक नव्हती. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी आलेली, खोलीत शेक-शेगडी आणि धुरी, दारे-खिडक्या लावलेल्या, सव्वा महिना बाहेर पडायचे नाही, आणि बाळाला दृष्ट लागेल ही धास्ती. परका पुरुष कॅमेरा घेऊन त्या खोलीत येण्याचा प्रश्नच नव्हता. ही अडचण त्या काळातल्या व्यावसायिकांनाही कळत होती. छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि त्याचे काम एका स्त्रीकडे सोपवले. बाळंतिणीजवळ निःसंकोचपणे वावरू शकणाऱ्या स्त्री छायाचित्रकारांना आज या कामात जी मागणी आहे, तिच्याकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे.

अंधाऱ्या खोलीला उत्तर म्हणून फ्लॅश आला. १८८७ मध्ये जर्मनीत तयार झालेली मॅग्नेशियमची भुकटी भडकून पेटे आणि धूर करी, त्यामुळे ती बाळाजवळ वापरण्याजोगी नव्हती. पुढे बल्ब आणि मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आले. बारशाच्या छायाचित्रांत पाळण्यावर समोरून पडलेला जो सपाट पांढरा प्रकाश दिसतो, तो कॅमेऱ्यावरच बसवलेल्या या फ्लॅशचा. त्यात टोपरे आणि झबले स्पष्ट दिसते, पण बाळाच्या गालांची गोलाई हरवते.

लेन्सच्या निवडीचा आजचा विचार ३५ मिमी रुंदीच्या फिल्मच्या काळात घडला. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स होती (लेन्सच्या बाबतीत मिमी म्हणजे तिचे फोकल अंतर; ते जितके जास्त, तितके दृश्य जवळ आल्यासारखे दिसते) आणि तेव्हापासून ती साधारण लेन्स मानली गेली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी : चेहऱ्याची प्रमाणे लेन्समुळे बिघडत नाहीत, अंतरामुळे बिघडतात. ३५ मिमी लेन्सने बाळाचे डोके चौकटभर यावे म्हणून आपण इतके जवळ जातो की नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात. पायांकडून घेतले तर तळवे डोक्याएवढे होतात. ८५ मिमीने आपण मागे राहतो आणि प्रमाणे सौम्य येतात. मात्र ८५ मिमी एफ/१.८ प्रकारच्या अनेक लेन्स सुमारे ८० ते ८५ सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस होत नाहीत, आणि ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवल्यास त्या अंतरावर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग रेखीव येतो ते अंतर, जेमतेम एक सेंटिमीटर उरते. पापणी स्पष्ट आली तर नाकाचा शेंडा धूसर होतो. एक मीटरवरून ५० मिमी त्याच ॲपर्चरला सुमारे चार सेंटिमीटर खोली देते. त्यामुळे लहान खोलीत, जिथे पाठ भिंतीला टेकते, तिथे मी ५० मिमीच घ्यायला सांगेन, आणि ॲपर्चर एफ/२.८ ते एफ/४ दरम्यान ठेवायला सांगेन. लहान सेन्सरच्या (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या) कॅमेऱ्यावर हीच लेन्स ७५ ते ८० मिमीचे दृश्य देते.

अगदी जवळून बारीक तपशील टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सचा उगम वेगळ्याच गरजेतून झाला. १९५५ मध्ये लेन्सनिर्माते किलफिट यांची माक्रो-किलार ही लेन्स आली आणि पुढच्या वर्षी निकॉनची मायक्रो-निक्कोर. ही दुसरी तर बारीक जपानी अक्षरांच्या कागदपत्रांची मायक्रोफिल्म, म्हणजे फिल्मवरची छोटी प्रत, काढण्यासाठी बनवलेली होती. कागदासाठी केलेली ती सुस्पष्टता पुढे बाळाच्या पापण्या, बोटांची नखे, खांद्यावरची लव यांच्या कामी आली. १०० मिमी मॅक्रोने प्रत्यक्ष आकाराचे चित्र घेताना एफ/२.८ ला खोली अर्धा मिलिमीटरही राहत नाही, म्हणून एफ/८ च्या पुढे जावे लागते आणि प्रकाश भरपूर लागतो. असे तपशील बाळ गाढ झोपेत असतानाच घ्यावेत.

डिजिटल कॅमेऱ्यांनी, विशेषतः २००५ मधल्या कॅनन ५डी नंतर, मोठ्या सेन्सरवर कमी प्रकाशात काम करणे अनेकांच्या आवाक्यात आणले. त्याआधीच, १९९० च्या दशकात, छायाचित्रकार ॲन गेडेस यांच्या फुलांत आणि पानांत ठेवलेल्या बाळांच्या चित्रांनी सजवलेल्या मांडणीची आवड जगभर पसरवली होती. हनुवटी दोन्ही तळव्यांवर टेकवलेले बाळ हे त्यानंतरच्या काळातले अतिशय मागणीचे चित्र. ते एका क्लिकमध्ये घेतलेले नसते. एकदा डोक्याला आणि एकदा मनगटांना मदतनिसाने हात देऊन दोन चित्रे घेतात आणि हात पुसून ती जोडतात. ज्याला ही जोडणी येत नाही त्याने ही मांडणी करूच नये. आईला कापडाखाली बसवणाऱ्या स्टुडिओतही बाळाच्या मानेखाली हात होता. आज तो हात काढून घेण्याचे काहीही कारण नाही.

सोलापुरात हे सारे उन्हाच्या संदर्भात पाहावे लागते. परदेशी मार्गदर्शनात खोली हीटरने गरम करायला सांगतात, पण इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपट्यात घट्ट गुंडाळलेले बाळ तापू शकते. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी काम करावे, आणि प्रकाश बाळाच्या डोक्याकडून तिरका खाली उतरू द्यावा; पायांकडून आला तर नाकाच्या सावल्या कपाळाकडे चढतात. दुसऱ्या बाजूला इथलाच पांढरा टर्किश टॉवेल टांगला तर सावली पुरेशी उजळते. हिरव्या किंवा निळ्या ऑइल पेंटच्या भिंतींचा रंग कातडीवर उतरतो, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची कॅमेऱ्याची जुळणी, राखाडी कार्डावरून ठरवून घ्यावा. त्यानंतरही बाळ पिवळे दिसत असेल तर तो रंग संगणकावर पुसण्याआधी घरच्यांना सांगून डॉक्टरांना दाखवायला लावावे, कारण पहिल्या आठवड्यात कावीळ नेहमी आढळते. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर झोपलेल्या बाळासाठी उत्तम आहे, मात्र घरातल्या एलईडी दिव्यांखाली त्याने चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात, तेव्हा ते वापरताना दिवे बंद करून खिडकीचाच प्रकाश ठेवावा.