एकाच माळेचे मणी

आठ म्युच्युअल फंड घेतले म्हणजे जोखीम आठ ठिकाणी वाटली गेली, असा अनेकांचा समज असतो. त्या फंडांच्या पोटात काय आहे ते उघडून पाहिलं, तर बरेचदा त्याच पंधरा-वीस बड्या कंपन्या सापडतात, फक्त क्रम थोडा वरखाली. बाजार पडला की आठही फंड एकाच दिवशी लाल. मणी आठ, माळ एकच.

पैसे किती ठिकाणी ठेवले, यापेक्षा ती ठिकाणं एकमेकांच्या सोबतीने किती हलतात हे महत्त्वाचं. ही गोष्ट अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली गणितात बसवली आणि १९९० च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. सोबतीने हलणं मोजायचं माप मात्र त्याहून बरंच जुनं. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी ते १८८८ मध्ये मांडलं, तेही माणसांची उंची आणि हातांची लांबी ताडून पाहताना! हाच सहसंबंध गुणांक, म्हणजे गुंतवणूकदारांचं कोरिलेशन. तो उणे १ ते अधिक १ या दरम्यान असतो. अधिक १ म्हणजे दोघांची पावलं अगदी जोडीने, उणे १ म्हणजे बरोबर उलटी, शून्य म्हणजे एकाच्या चालीवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

समजा, दोन गुंतवणुकी आहेत आणि दोन्हींच्या वार्षिक परताव्याचं प्रमाण विचलन, म्हणजे ढोबळमानाने चढउतार, २० टक्के आहे. दोन्हींत निम्मे-निम्मे पैसे घातले. गुणांक १ असेल तर एकूण चढउतार २० टक्केच राहतो. ०.५ असेल तर १७.३, शून्य असेल तर १४.१ आणि उणे ०.५ असेल तर थेट १०. सरासरी परतावा मात्र चारही वेळा तोच. म्हणजे उलट्या दिशेचीच जोडी शोधत बसायला हवी असं नाही. पावलं थोडी चुकली तरी फायदा होतो.

संख्या वाढवून काय होतं? आपापसांत ०.३ गुणांक असलेल्या अशा दहा गुंतवणुकी घेतल्या तर चढउतार १२.२ टक्क्यांवर येतो. शंभर घेतल्या तर ११.१. आणखी नव्वदांची भर घालून पुरता सव्वा टक्काही सुटला नाही!

इथे एक गैरसमज हमखास होतो. गुणांक उणे १, म्हणजे एक वाढली की दुसरी बुडणार, मग हाती काय उरणार? पण गुणांक दिशा सांगतो ती प्रत्येकीच्या स्वतःच्या सरासरीपासून. एकीचा परतावा एका वर्षी ३० टक्के, दुसऱ्या वर्षी उणे १०, पुन्हा ३०, पुन्हा उणे १०. दुसरीचा नेमका उलटा: आधी उणे १०, मग ३०. गुणांक उणे १, तरी दोघींची सरासरी १० टक्के. एकीतच १०० घातले तर चार वर्षांनी १३६.८९ होतात. निम्मे-निम्मे घालून दरवर्षी वाटणी पुन्हा समान केली, तर १४६.४१. गंमत अशी की निम्मे-निम्मे घालून नुसतं विसरून गेलात, तर चार वर्षांनी पुन्हा १३६.८९ च! वाटेतले धक्के कमी बसले, एवढंच. वरचे साडेनऊ मिळाले ते वाढलेल्यातून काढून पडलेल्यात घातल्यामुळे. अर्थात खरा बाजार इतक्या इमानाने आलटून पालटून चालत नाही. पडलेली गुंतवणूक वर्षानुवर्षं पडतच राहिली, तर हीच शिस्त अंगाशी येते.

गुणांक काढताना भाव घेऊ नका, परतावे घ्या. दोन गोष्टींचे भाव वीस वर्षं वर जात असतील तर त्यांचा गुणांक उगाच ०.९ च्या घरात जातो. दर महिन्याच्या टक्केवारीत त्यांचं काही नातं नसलं तरी.

खरी अडचण वेगळीच आहे. हा आकडा स्थिर नसतो. २००८ मध्ये विकसित देशांचे शेअर, उदयोन्मुख देशांचे शेअर, कच्चं तेल, सगळं एकत्र कोसळलं. कर्ज काढून गुंतवणूक करणाऱ्यांना रोकड हवी होती आणि जे विकलं जाईल ते त्यांनी विकलं. शांत काळात वेगळ्या वाटणाऱ्या वस्तूंना घाबरलेला विक्रेता एकच मिळाला. त्या वर्षी अमेरिकी सरकारी रोख्यांनी मात्र सावरलं, कारण घाबरलेला पैसा तिकडेच धावला आणि व्याजदरही उतरले (व्याजदर उतरले की जुन्या रोख्यांचे भाव चढतात, वाढले की पडतात). म्हणून शेअर पडले की रोखे तारतात, हे अनेकांनी पाठच करून टाकलं. मग २०२२ आलं. या वेळी दुखणं महागाईचं होतं. व्याजदर झपाट्याने वाढले आणि त्यांनी दोघांनाही झोडपलं: अमेरिकी शेअरांचा एस अँड पी ५०० निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे १८ टक्के खाली, अमेरिकी रोख्यांचा व्यापक निर्देशांक सुमारे १३ टक्के खाली.

तेव्हा गुणांक पाहताना त्यामागचं कारणही विचारावं: या दोघींना एकदम पाडू शकेल असं काय आहे? दहा वर्षांचा एक आकडा काढून समाधान मानण्यापेक्षा मला एक साधी रीत बरी वाटते. तुमच्या सर्वांत मोठ्या गुंतवणुकीचे त्या काळातले सर्वांत वाईट दहा महिने काढा आणि त्या प्रत्येक महिन्यासमोर बाकीच्यांनी काय केलं ते लिहा. सूत्र लागत नाही, कागद पुरतो.