रेसिपीतला हॉप इथे मिळत नसेल तर: घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक ब्रिटनमधल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी आहे. रेसिपी अमेरिकेची किंवा न्यूझीलंडची असते, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले) मात्र इथल्या दुकानातून घ्यायचे असतात. यादीतला हॉप मिळाला नाही म्हणून बेत रद्द करायची गरज नाही. पण नुसते नाव जुळवून पाकीट उचललेत, तर बिअर बिघडू शकते.

कुठे काय पिकते

हॉपच्या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस लागतो, म्हणून ती दोन्ही गोलार्धांत साधारण 35 ते 55 अक्षांशांच्या पट्ट्यात चांगली फुलते. अमेरिका आणि जर्मनी हे सर्वांत मोठे उत्पादक. अमेरिकेचे पीक मुख्यतः वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातून येते, जर्मनीचे बव्हेरियातल्या हालरटाऊमधून. चेकियात झाटेकचा साझ, इंग्लंडमध्ये केंट, हेरफर्डशर आणि वुस्टरशर, न्यूझीलंडमध्ये नेल्सनचा परिसर, ऑस्ट्रेलियात टास्मानिया आणि व्हिक्टोरिया.

भूगोलाहून मोठा अडसर मालकीचा आहे. कॅस्केड, फगल, साझ या हॉपच्या जाती कोणीही लावू शकतो, म्हणून त्या जवळपास सगळीकडे मिळतात. सिट्रा, मोझाइक, सिम्को यांचे हक्क जात तयार करणाऱ्यांकडे आहेत आणि परवाना असलेले शेतकरीच ते पिकवतात. नेल्सन सोव्हिन न्यूझीलंडमध्ये आणि गॅलेक्सी ऑस्ट्रेलियातच पिकतो. यांचा मोठा भाग ब्रुअरी आगाऊ करार करून उचलतात आणि किरकोळ दुकानांच्या वाट्याला उरलेला माल येतो. पीक कमी आले की पहिला फटका 100 ग्रॅमच्या पाकिटाला बसतो. 2022 च्या कोरड्या उन्हाळ्यात जर्मनी आणि चेकियातले पीक बरेच घटले होते.

पाकिटावरचे वर्ष नीट वाचा

उत्तर गोलार्धात हॉप्सची तोडणी ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात होते, दक्षिणेत फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. म्हणून नोव्हेंबरात एकाच वर्षाचा शिक्का असलेली दोन पाकिटे शेजारी ठेवली, तर अमेरिकेचा माल दोन महिन्यांचा असतो आणि न्यूझीलंडचा आठ महिन्यांचा. इथे नवा उत्तरेचा माल साधारण ऑक्टोबरनंतर येऊ लागतो, दक्षिणेचा उन्हाळ्यात. नेल्सन सोव्हिन किंवा मोटुएका हवा असेल, तर जून-जुलैपासून चौकशी करा.

जुना हॉप हा शिळ्या मसाल्यासारखा नुसता फिका पडत नाही, त्याला जुन्या चीजचा वास येतो आणि तो बिअरमध्ये उतरतो. कारण ऑक्सिजन. हवा लागली की कडवटपणा देणारे अल्फा ॲसिड घटते आणि सुगंधी तेलेही जातात. सगळ्या जाती सारख्या टिकत नाहीत. 20 अंशांवर उघड्या ठेवलेल्या कॅस्केडची सहा महिन्यांत सुमारे निम्मी अल्फा जाते, मॅग्नमची 80 टक्क्यांच्या आसपास टिकते. पारदर्शक पिशवीत भरलेले, कपाटावर मांडलेले हॉप्स स्वस्त असले तरी घेऊ नका. हवाबंद फॉइलचे पाकीट घ्या. उघडल्यावर हवा दाबून काढा, चिकटवा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा.

रेसिपी इथल्या मापात आणताना

अमेरिकन पाच गॅलन म्हणजे 19 लिटर, ब्रिटिश पाच गॅलन जवळपास 23 लिटर. औंस दोन्हीकडे 28 ग्रॅमचाच. बिअर अपेक्षेपेक्षा सपक निघाल्याच्या तक्रारींत हा गॅलनचा घोटाळा आम्हाला वारंवार दिसतो.

दुसरा आकडा अल्फाचा, म्हणजे हॉपमध्ये अल्फा ॲसिड किती टक्के आहे त्याचा. समजा 19 लिटरच्या रेसिपीत 60 मिनिटांच्या उकळीसाठी 13 टक्के अल्फाचा 28 ग्रॅम सिम्को आहे, तुमच्याकडे 7 टक्क्यांचा चॅलेंजर आहे आणि बिअर 23 लिटर बनवायची आहे. मग 28 × 13 ÷ 7 × 23 ÷ 19, म्हणजे सुमारे 63 ग्रॅम. सरळ कडवटपणाच्या आकड्यावरून (आयबीयू) निघायचे असेल तर 1.050 घनतेच्या वॉर्टसाठी (वॉर्ट म्हणजे आंबवण्याआधीचे माल्टचे गोड पाणी):

ग्रॅम = आयबीयू × लिटर ÷ (अल्फा टक्के × 2.3)

23 लिटरला 30 आयबीयू हवे असतील तर 7 टक्क्यांचा हॉप 43 ग्रॅम लागेल. वॉर्ट 1.070 चे असेल तर 2.3 ऐवजी 1.9 घ्या, दाट वॉर्टमध्ये कडवटपणा कमी उतरतो. अल्फा पाकिटावरचीच घ्या, पुस्तकातली सरासरी नको.

हे गणित पेलेट्सचे, म्हणजे हॉप दळून दाबलेल्या गोळ्यांचे आहे. इंग्लंडमध्ये अजूनही अख्खी सुकवलेली फुले सहज मिळतात. ती वापरलीत तर सुमारे 10 टक्के जास्त घ्या. फुले वॉर्टही जास्त शोषतात, म्हणून सुरुवातीलाच थोडे पाणी वाढवा.

बदली हॉप

कडवटपणासाठीचा हॉप बदलणे सोपे. मॅग्नम, चॅलेंजर, टार्गेट यांतला जो मिळेल तो वरच्या हिशोबाने घाला. साझसारख्या 3-4 टक्क्यांच्या हॉपने सगळा कडवटपणा साधायचा हट्ट मात्र धरू नका. भांड्यात इतका पाला साचतो की बरेच वॉर्ट त्यातच अडकते आणि चवीला गवताची छटा येऊ शकते.

उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत किंवा ड्राय हॉपला (उकळीनंतर, थंड बिअरमध्ये सुगंधासाठी टाकलेला हॉप) जपून निवडा. फगलऐवजी अमेरिकेत विलमेट चालतो, तो फगलपासूनच निपजलेला आहे. ब्रिटनमध्ये उलटा बदल करा. साझऐवजी टेटनांगर. नेल्सन सोव्हिनची पांढऱ्या वाइनसारखी छटा जर्मनीच्या हालरटाऊ ब्लांकमध्ये बऱ्यापैकी मिळते. गॅलेक्सीच्या पॅशनफ्रूटला आमच्या मते खरी बदली नाही. तो नसेल तर सिट्रा वापरा आणि वेगळी बिअर होईल हे धरून चला.

नावांचेही सांभाळा. जुन्या रेसिपीतला ‘बी साझ’ म्हणजे आजचा मोटुएका, ‘डी साझ’ म्हणजे रिवाका. न्यूझीलंडचा कॅस्केड आता ताइहेके नावाने विकला जातो. इंग्लंडमध्ये पिकलेला कॅस्केड अमेरिकनपेक्षा सौम्य लागतो. त्याच्या ड्राय हॉपला आम्ही एक चतुर्थांश वाढवायला सांगतो.

सामान घेऊन दुसऱ्या देशात जाताना

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला हॉपची जिवंत मुळे परवानगीशिवाय नेता येत नाहीत. बागेत लावायला तिथल्याच रोपवाटिकेतून घ्या. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉपची लागवड झालेली आहे, पण इथल्यासारखी लहान पाकिटे तिकडच्या दुकानांत सहज मिळतील असे समजू नका. आणि ब्रिटनमध्ये 1963 पासून घरच्या वापरासाठी बिअर बनवायला परवाना लागत नसला, तरी महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. सुट्टीत घरच्यांना बनवून दाखवायचा विचार असेल तर किट इथेच ठेवा.

आम्हाला विचारताना

चार गोष्टी कळवा: रेसिपी किती लिटरची आहे (गॅलन असतील तर कोणत्या देशाचे), सुरुवातीची घनता, हॉप उकळीच्या कितव्या मिनिटाला पडतो आणि घरी कोणती पाकिटे किती अल्फाची आहेत. जे घरात आहे ते आधी वापरून जे कमी पडते तेवढेच आम्ही सुचवतो.