काकवी की गूळ, हे पेशीच्या आचेवर ठरतं

हंगामात करवीर तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर थोडा वेळ उभं राहा. चुलवणात चिपाडं ढकलली जात असतात, काहिलीत रस रटरटत असतो, आणि गुळव्याची नजर पाकावरून हलत नाही. साधारण 105 अंशांना उतरवला तर काकवी, 118च्या आसपास गेला तर गूळ. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो बोटांनी गोळी वळते का बघतो. रस एकच, पण आचेवर पदार्थ ठरतो.

आपल्या शरीरात जंतूंशी लढणाऱ्या टी पेशींचंही असंच आहे. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडलेली कोरी टी पेशी काटकसरी असते. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, ऑक्सिजनच्या मदतीनं ती ग्लुकोज पुरतं जाळते आणि एका रेणूमागे सुमारे 30 एटीपी, म्हणजे ऊर्जेची सुटी नाणी, मिळवते. जंतूची ओळख पटली की रीतच बदलते. ग्लुकोज आत घेणारी दारं वाढतात, आणि ऑक्सिजन असूनही बरीचशी साखर अर्धवट फोडून लॅक्टेट बाहेर टाकलं जातं. या वाटेनं हाती येतात फक्त 2 एटीपी. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांना 1920च्या दशकात कर्कपेशींत हीच रीत दिसली होती.

ही उधळपट्टी नव्हे. काही दिवसांत एका पेशीच्या हजारो व्हायच्या असतात. त्यांना डीएनए, पेशीपटलं, प्रथिनं लागतात. सगळाच माल जळणात गेला तर बांधायचं कशानं?

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते जीएपीडीएच नावाचं एन्झाइम. साखर फोडणं हे त्याचं काम. ते काम मंदावलं की हे एन्झाइम इंटरफेरॉन गॅमा या लढाऊ प्रथिनाच्या आरएनएवर, म्हणजे ते बनवण्याच्या निरोपावर, जाऊन बसतं आणि ते प्रथिन तयार होऊ देत नाही. साखरेचा ओघ वाढला की ते आपल्या कामावर परततं आणि तो निरोप मोकळा होतो. म्हणजे शस्त्र उगारायचं की नाही, हेही चुलीवरूनच ठरतं!

2011मध्ये उंदरांच्या पेशींवर झालेलं काम तर थेट काकवी-गुळासारखं आहे. दाह वाढवणाऱ्या टीएच17 पेशी घडण्याच्या परिस्थितीत साखर फोडणं रोखलं, तर त्याच कोऱ्या पेशींतून दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशी जास्त तयार झाल्या. लढाई संपल्यावर मागे राहणाऱ्या स्मृतिपेशी पुन्हा काटकसरीकडे वळतात, मायटोकॉन्ड्रियावर भर देतात. लसीचा गुण वर्षानुवर्षं टिकतो, त्यात त्यांचाही वाटा.

यावरून गूळ खाऊन प्रतिकारशक्ती वाढते असं मात्र कुणी समजू नये. निरोगी शरीर रक्तातली साखर ठरावीक मर्यादेत ठेवतं. इथली आच पेशीच्या आतली आहे.

कर्करोगाच्या गाठीत ही आच बिघडते. कर्कपेशी ग्लुकोज ओढून घेतात आणि शेजारची टी पेशी उपाशी, थकलेली राहते. म्हणूनच कार-टी उपचारासाठी, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशींत जनुकीय बदल करून त्या कर्कपेशींवर सोडण्यासाठी, त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवताना स्मृतिपेशींसारख्या, दमदार राहाव्यात म्हणून त्यांचं चयापचय कसं वळवायचं, यावर आज संशोधक झटत आहेत.