चांगलं चॉकलेट ३४ अंशांवर ठरतं

अनोळखी शहरात फिरताना खास चॉकलेट डेझर्टचं दुकान लागलं, तर आत गेल्यावर मेनू वाचायच्या आधी काचेच्या कपाटात नीट बघा. बॉनबॉनवर, म्हणजे आत सारण भरलेल्या छोट्या चॉकलेटांवर, दिव्याचं प्रतिबिंब स्वच्छ उमटतंय का? कडा रेखीव आहेत का? वडी मोडताना ‘कट्’ असा आवाज येतो का? चकाकी, आकार आणि आवाज हे तिन्ही कोको बटरच्या स्फटिकांवर अवलंबून असतं.

कोको बटर ही कोकोच्या बीमधली चरबी. ती गोठताना तिचे रेणू सहा वेगवेगळ्या प्रकारे रचले जाऊ शकतात. पहिल्या प्रकारचे स्फटिक साधारण १७ अंश सेल्सिअसला वितळतात, चौथ्या प्रकारचे २७-२८ अंशांना, पाचव्याचे ३३-३४ ला आणि सहाव्याचे ३६ च्या आसपास. चॉकलेट बनवणाऱ्याला हवा असतो तो पाचवा. तो हातात घट्ट राहतो आणि तोंडात लगेच पातळ होतो. वितळायला लागणारी उष्णता तो जिभेकडूनच घेतो, म्हणून उत्तम चॉकलेट जिभेवर ठेवताच क्षणभर गार लागतं. शिवाय गोठताना तो किंचित आकसतो. त्यामुळे चॉकलेट साच्यातून अलगद सुटतं आणि साच्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाची चकाकी घेऊनच बाहेर येतं.

फक्त पाचवाच प्रकार तयार व्हावा यासाठी जे करतात त्याला टेंपरिंग म्हणतात. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवलं की जुने सगळे स्फटिक मोडतात. मग ढवळत ढवळत ते २७-२८ अंशांवर आणायचं. इथे चौथा आणि पाचवा असे दोन्ही प्रकार धरू लागतात. आता पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत तापवलं की चौथा वितळून जातो, पाचवा टिकतो. मिल्क चॉकलेटला शेवटचं तापमान २९-३० अंशच ठेवावं लागतं, कारण दुधातली चरबी कोको बटरला मऊ करते. घरी करायचं तर ३०० ग्रॅममधलं २०० ग्रॅम वितळवा आणि उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून थोडं थोडं घालत ढवळा. चिरलेल्या चॉकलेटमधले पाचव्या प्रकारचे स्फटिक विरजणासारखं काम करतात. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा; २० अंशांच्या खोलीत ३ ते ५ मिनिटांत चकचकीत गोठलं तर जमलं. काम करताना तापमान ३४ च्या वर गेलं, तर मात्र सगळं विरजण वितळतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. इथे थर्मामीटरला पर्याय नाही.

चॉकलेटवर पांढुरकी झाक दिसली की लोक ती बुरशी समजून टाकून देतात. बहुतेक वेळा ती बुरशी नसते. बोट हलकेच घासून बघा. झाक विरघळून गेली तर वर आलेली चरबी आहे. टेंपरिंग चुकलं किंवा चॉकलेट उष्ण-गार होत राहिलं की असं होतं. खरखर लागली तर ती साखर. थंड चॉकलेटवर हवेतलं बाष्प जमतं, त्यात साखर विरघळते आणि पाणी उडाल्यावर तिचे जाड कण मागे उरतात. चरबीची झाक असलेलं चॉकलेट वितळवून पुन्हा टेंपर करता येतं. साखरेची खरखर मात्र तशी जात नाही.

लावा केक मागवलात तर ‘आतला लावा कसा केलाय?’ हे जरूर विचारा. एका पद्धतीत २०० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये छोटा केक १०-१२ मिनिटं भाजून मध्यभाग मुद्दाम कच्चा ठेवतात. त्या भागात अंडं पूर्ण शिजलेलं नसतं, म्हणून लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांनी तो टाळलेला बरा. दुसऱ्या पद्धतीत मधोमध गोठवलेल्या गनाशचा, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाचा, गोळा ठेवतात. त्यामुळे भोवतालचा केक पूर्ण भाजता येतो. पहिल्या पद्धतीचा केक फोटोंसाठी ताटकळत ठेवू नका. ओव्हनबाहेर आल्यावरही बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि पाहता पाहता लावा घट्ट होतो.

बॉनबॉन सोबत न्यायचे असतील, तर हे दुकान भटकंतीच्या शेवटी ठेवा. उन्हात उभ्या गाडीत ३४ अंश सहज ओलांडले जातात. चॉकलेटला १५ ते १८ अंशांची कोरडी जागा मानवते. तशी जागा नसेल तर डबा हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे हवेतलं बाष्प चॉकलेटवर न जमता डब्याच्या बाहेरच जमेल.