बीडचे कोयते आणि कालव्याखालचा ऊस

बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतराचे कारण विचारले, तर दुष्काळ हे उत्तर ठरलेले असते. ते खोटे नाही, अपुरे मात्र आहे. पश्चिम महाराष्ट्रात नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास दुष्काळ निवारणासाठीच वाहू लागला, १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखाला आधार म्हणून आलेले पाणी हळूहळू उसाने घेतले. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. त्या राजवटीचा मोठा पाटबंधारे प्रकल्प, निजामसागर, झाला तो तेलंगणात. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तोवर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे काही गळीत हंगाम होऊनही गेले होते.

कारखाने वाढले, तसा तोडणीचा प्रश्न उभा राहिला. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचा साखरेचा उतारा घटतो, म्हणून रात्री-अपरात्री फडात उतरणारे, गाडी भरल्याशिवाय न हलणारे मजूर कारखान्याला हवे असतात. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो. फडाजवळ कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणारा जाणार कुठे? बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, तसेच शेजारचे पाथर्डी या कोरडवाहू तालुक्यांतून असा मजूर मिळत गेला आणि १९७२ च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुळली.

ही वाट टिकवून धरली ती उचलीने. हंगामाआधी कारखान्याला मजूर पुरवणारा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, एकरकमी आगाऊ पैसे देतो; लग्न, आजारपण, बी-भरण यांत ते पावसाळ्यातच संपतात आणि पुढचे पाच-सहा महिने तोडलेल्या टनांतून फेडावे लागतात. एक दिवस काम चुकले की खाडा कापला जातो. हंगाम संपताना काही अंगावर उरलेच, तर पुढच्या वर्षीचा मुकादमही ठरून जातो.

१९७६ मध्ये जायकवाडी झाले, पण ते पाणी गोदाकाठच्या शिवारांना मिळाले, डोंगरपट्ट्याला नाही. मराठवाड्यात कारखाने निघाले, तरी तोडणीची पद्धत तीच राहिली आणि बाहेर जाणारे कोयते थांबले नाहीत. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य यांचा जिल्हावार अनुशेष मांडला, १९९४ मध्ये विकास मंडळे आली. मजूर आणि मुकादम यांच्यातला व्यवहार या हिशेबाबाहेरच होता. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये झालेला केंद्रीय कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता असल्याने बीडहून बेळगावकडे जाणारा कामगार त्यात बसे, कोल्हापूरला जाणारा बसत नसे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण महिलांनीच सांगितले.