नेत्रपृष्ठाचे कर्करोग : निदान

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ पारदर्शक पटल (नेत्रश्लेष्मकला), कॉर्निया (बुबुळावरील पारदर्शक पडदा) आणि या दोहोंची सीमारेषा (लिंबस) यांवर क्वचित उद्भवणाऱ्या कर्करोगांची निश्चिती. शल्की (पृष्ठभागावरील चपट्या) पेशींचे अर्बुद म्हणजे गाठ, मेलॅनोमा (रंगद्रव्य पेशींचा कर्करोग) व लिंफोमा (लसीका पेशींचा कर्करोग) हे यांतील प्रमुख प्रकार होत. पापणीतील तैलग्रंथींचा कर्करोगही येथे पसरतो व जुनाट नेत्रदाहासारखा भासतो. त्यामुळे एकाच डोळ्याचा, औषधांना न जुमानणारा दाह संशयास्पद मानावा.

स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहताना वरची पापणी उलटणे आवश्यक असते; घाईच्या तपासणीत नेमके हेच राहून जाते. शल्की अर्बुद बहुधा लिंबसपाशी, पापण्यांच्या फटीत उघड्या राहणाऱ्या भागात आढळते आणि तपासणीसाठी डोळ्यात घातल्या जाणाऱ्या रोझ बेंगॉल रंगाने रंगते. टेरिजियमशी (कॉर्नियावर सरकणाऱ्या निरुपद्रवी मांसल वाढीशी) त्याची गल्लत होते. ओसीटी (प्रकाशाच्या साहाय्याने ऊतकाचा छेद दाखविणाऱ्या) प्रतिमेत जाड, उजळ बाह्यस्तर एकाएकी निरोगी स्तरापाशी संपत असल्यास निदानास बळकटी येते.

मतभेद आहेत ते प्राथमिक अर्जित मेलॅनोसिसविषयी (नेत्रश्लेष्मकलेवर पुढील आयुष्यात उद्भवणाऱ्या रंगद्रव्याच्या डागाविषयी). हा बहुधा एका डोळ्यातील सपाट तपकिरी डाग असून सावळ्या वर्णाच्या व्यक्तींच्या दोन्ही डोळ्यांत दिसणाऱ्या निरुपद्रवी रंगछटेहून वेगळा आहे. फोल्बर्ग व सहकाऱ्यांना (१९८५) पेशीविकृती (पेशींच्या रचनेतील असामान्य बदल) असलेल्या सुमारे ४६ टक्के रुग्णांत पुढे मेलॅनोमा आढळला. शील्ड्स व सहकाऱ्यांच्या रुग्णमालिकेत (२००७) तीव्र विकृती असूनही हे प्रमाण १३ टक्केच होते. रुग्णांची निवड आणि उपचार यांतील फरकामुळे ही तफावत पडली असावी. विकृतीची श्रेणी ठरविताना पॅथॉलॉजिस्टांचेही एकमत होतेच असे नाही. डॅमाटो व कूपलँड यांनी २००८ मध्ये विकृतीला गुण देऊन तिची श्रेणी ठरविणारी गुणांकन पद्धत मांडली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात कनिष्ठ व उच्च असे दोनच दर्जे ठेवले आहेत. व्यवहारात दुसरी मांडणी अधिक सोयीची ठरते.

अंतिम निर्णय बायॉप्सीवरच (काढलेल्या ऊतकाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवरच) होतो. लहान गाठीचा तुकडा न काढता ती कडेच्या निरोगी ऊतकासह, उपकरणांचा थेट स्पर्श टाळून, संपूर्ण काढतात. काढलेले पटल लगेच आपोआप गुंडाळले जाते. म्हणून ते गाळणकागदावर सपाट पसरून, कडांची दिशा नोंदवून मगच फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकविणाऱ्या द्रावणात) ठेवतात. तैलग्रंथींच्या कर्करोगाचा संशय असल्यास अनेक ठिकाणचे नमुने घेतात. लिंफोमाच्या संशयात काही ऊतक फॉर्मॅलिनविना ताजेच पाठवावे लागते. गुलाबीसर, सामन माशाच्या रंगाच्या या गाठीचे निदान झाल्यावर शरीरात अन्यत्र लिंफोमा आहे का, हेही तपासतात.